हात थांबले त्या ओळी

फेब्रुवारी निम्मा सरला की उंब्रजचं ऊन बदलतं. सकाळी शाळेत जाताना अजून स्वेटर लागतो, पण साडेदहाच्या सुमारास मैदानावर उभं राहिलं की कळतं, या उन्हातली ओल गेली. माझ्या शाळेतल्या मुलांना ते परीक्षेचं ऊन वाटतं. मला ते बेदाण्याचं ऊन वाटतं. माझं माहेर तासगावजवळ. तिथे या दिवसांत द्राक्षं वेलीवरून उतरतात आणि बागांच्या कडेला उभ्या असलेल्या शेडांत जाळ्यांवर सुकत पडतात. हायवेच्या धुळीतही मला त्या दिवसांत तो वास येतो. गोड, थोडा आंबूस, आणि त्यात मिसळलेली गंधकाच्या धुरीची नाकात चढणारी चुरचुर.

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षक-खोलीत शिरा आला. एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सगळे बोलत होते, मीही बोलत होते. मधेच शेजारच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला बेदाणे आवडत नाहीत का?" मी खाली बघितलं. बशीच्या कडेला मी बेदाणे ओळीने काढून ठेवले होते आणि एकेकाचं टोक अंगठ्याने चाचपून बघत होते, काडी राहिली आहे का. मला पत्ताच नव्हता. बोटांनी ते आपलं आपण केलं होतं.

त्याच दिवशी ठरवलं, या रविवारी तासगावला जायचं. पिशवीत पुस्तक टाकायचं. दिवाळीच्या आधी ते छापून आलं, घरच्यांनी हळद-कुंकू लावलं, शाळेत शाल-नारळ मिळाला, ओळखीच्या चार लोकांनी वाचून बरं म्हटलं. पण ज्या बाईने ऐकायला हवं होतं तिने अजून ऐकलं नव्हतं. दिवाळीत मी ते घेऊन तिच्या दारात गेले होते. तिने पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. म्हणाली, "आत्ता नगं. शेड सुरू झालं की ये. मोकळ्या हातानं मला ऐकू येत न्हाई."

तेव्हापासून मी या उन्हाची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याची भीतीही वाटत होती.

पाच वर्षांपूर्वीचा तो हंगाम. माझी बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या पदवीचं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. दादांनी, म्हणजे वडिलांनी, पदवीचा कागद काचेत घालून देवघराच्या वर टांगला होता. मी कागदाच्या खाली बसून लिहायची. बारा लेख लिहून झाले होते, सगळे आमच्या गावाचे, बागांचे, आईचे. ते घेऊन मी एसटीने सांगलीला गेले आणि एका गल्लीत, वह्यांच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या एका वयस्कर प्रकाशकांना दिले. पुस्तकांच्या जगात शिरायचं मला माहीत असलेलं ते एकच दार होतं. कॉलेजातल्या सरांनी पत्ता दिला होता.

महिन्याने त्यांनी बोलावलं. माझे कागद त्यांच्या पुढ्यात होते आणि त्यावर एकही खूण नव्हती.

"तुमची भाषा फार छान आहे," ते म्हणाले. "कुठे चूक नाही, कुठे अडखळ नाही. फक्त मला तुमची आई दिसली नाही. मातृहृदय दिसलं, वात्सल्य दिसलं, ते आपण शाळेपासून बघतोच. आई कुठंय?"

माझे कान तापले. "म्हणजे नापसंत का, सर?"

"नापसंत असतं तर पोस्टाने परत धाडलं असतं, जिना चढायला लावला नसता. गुढीपाडव्यापर्यंत पुन्हा लिहा. पाडव्याला मी वर्षाची यादी ठरवतो. चार-पाचच पुस्तकं काढतो मी आता. त्यात बसलं तर बसलं. पण तिसऱ्यांदा वाचणार नाही हं. माझंही वय झालं."

परत येताना मी खिडकीशी बसले होते. बाहेर ऊस, मग द्राक्षं, मग पुन्हा ऊस. मांडीवर बारा लेख. मला एवढंच कळत होतं की ते म्हणतात ते खरं आहे, आणि ते कसं दुरुस्त करायचं ते मला येत नाही.

घरी आले तर आईचं मनगट सुजलेलं. ती दरवर्षी बेदाणा निवडायला जायची. हंगाम तोंडावर, आणि डॉक्टरांनी महिनाभर हात हलवायचा नाही म्हणून सांगितलेलं. आईला दुखण्याची चिंता नव्हती, जागेची होती. चांगल्या शेडात एकदा जागा गेली की पुढच्या वर्षी मिळत नाही. "तू जा," ती म्हणाली. "माजी जागा धर फकस्त. पाडव्यापत्तुर."

तिच्यासाठीही पाडवाच, माझ्यासाठीही पाडवाच. कागद पिशवीत टाकले आणि गेले. मनात लाज होती, ती लपवून काय उपयोग. पदवीधर मुलगी तोंडाला टॉवेल बांधून बेदाणा निवडायला बसली, हे कुणी बघू नये असं वाटत होतं.

शेडाच्या आत मात्र आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. लहानपणापासून मी ती शेडं बाहेरून बघितली होती. आत गेल्यावर आधी उजेड बदलतो. बाजूंना हिरवं कापड लावलेलं असतं, त्यातून गाळून येणारं ऊन माणसांच्या चेहऱ्यावर हिरवं पडतं. वर मजल्यावर मजले जाळ्या, आणि त्यांवर औषधाच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं पसरलेली. पहिल्या दिवशी ती डोळ्यांसारखी ताठ असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग सैल पडतं. मग बारीक सुरकुत्या. दोन आठवडे वारा या बाजूने शिरतो आणि त्या बाजूने निघतो, दुसरं कुणी काही करत नाही. आणि एका सकाळी जाळी हलवली की खाली जो सडा पडतो तो द्राक्षांचा नसतो. मी कितीदा पाहिलं तरी मला ते रोज नवं वाटायचं. एवढं पाणी गेलं कुठे, कुणाच्या डोळ्यांदेखत गेलं, काहीच कळायचं नाही.

खाली पत्र्याच्या आडोशाला पोती अंथरून आम्ही पंधरा-वीस बायका बसायचो. प्रत्येकीपुढे एक मोठी परात. त्यात बेदाण्याचा ढीग. काडी राहिली असेल ती तोडायची, काळपट, चिरडलेला वेगळा काढायचा, खडा-कचरा टिपायचा. स्वच्छ झालेला माल शेजारच्या डब्यात. संध्याकाळी मुकादम येऊन डबा काट्यावर ठेवणार. पहिल्या दिवशी माझा डबा निम्माही भरला नाही. बोटं चिकट झाली, एकमेकांना चिकटली, मुंग्या मनगटावर चढल्या.

आईच्या जागेच्या शेजारी हलीमा चाची बसायची. साठीच्या पुढची, लहानखुरी. तिचा नवरा तासगावात कापूस पिंजून गाद्या-रजया करायचा. या शेडावर पत्रा चढायच्या आधीपासून ती इथे निवडायला येत होती, आणि कुणी कुठे बसायचं हे मुकादम नव्हे, तीच ठरवायची. तिची बोटं बघणं ही एक वेगळीच गोष्ट होती. ती परातीकडे बघायचीच नाही. बोलायची, हसायची, लांब रस्त्यावर कोण चाललंय ते सांगायची, आणि खाली अंगठा आणि दोन बोटं सारखी चाललेली. बेदाणा बोटांतून फिरून डब्यात पडेपर्यंत त्याची काडी गेलेली असायची.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कागद काढून बसले. भाकरी एका हातात, पेन्सिल दुसऱ्या. चाचीने विचारलं, "काय लिवतीस गं बेटा?"

मी सांगितलं. पुस्तक, प्रकाशक, पाडवा, सगळं.

"मग वाच की. मनातल्या मनात काय वाचतीस? आमाला बी कळू दे."

"तुम्हाला वाचायला येतं का, चाची?"

ती हसली. "मला अरबी वाचता येतं, समजत न्हाई. मराठी समजतं, वाचता येत न्हाई. आल्लानं दोन भाषा अर्ध्या अर्ध्या दिल्या. तू वाच."

"पण सुट्टी संपली. मी वाचत बसले तर माझा डबा?"

त्या शेडात एक रीत होती. कुणाचं तान्हं बाळ असेल आणि ती त्याला पाजायला उठली, तर तिच्या डब्यात बाकीच्यांनी आपापल्या निवडलेल्या मालातली एकेक मूठ टाकायची. कुणी सांगायचं नाही, कुणी आठवण द्यायची नाही. बाई परत येईतो डबा तिच्या हाताइतका भरलेला. त्याला त्या नुसतं 'मूठ' म्हणायच्या. चाचीने आपल्या डब्यातली एक मूठ उचलली आणि माझ्या डब्यात टाकली.

पलीकडच्या शालनला ते पटलं नाही. शालन म्हणजे आमच्या शेडातलं सगळ्यात धारदार तोंड. "आवं चाची, मूठ ल्योकरूवालीला. हिचं ल्योकरू कुठाय?"

"ती कागदं बग की," चाची म्हणाली. "दिवसभर पोटाशी धरून बसती, रातभर झोपू देत न्हाईत, आन मोठी कवा हुतील त्येचा पत्ता न्हाई. अजून ल्योकरू कसलं असतं?"

सगळ्या हसल्या. शालनही हसली आणि तिने मूठ टाकली. मग एकेक करून सगळ्यांनी. डब्यात बेदाणे पडल्याचा तो बारीक, सरसर आवाज. आज माझ्या पुस्तकाविषयी कुणी काही चांगलं बोललं की मला आधी तोच आवाज ऐकू येतो.

मी रोज दुपारी वाचू लागले. एक लेख, कधी दीड. वाचता वाचता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघायची. तोंडाला टॉवेल बांधलेले, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. मग मी हात बघायला लागले. आणि मला माझ्या मते एक मोठा शोध लागला. काही काही ओळींना त्यांचे हात थांबायचे. वीस बायकांची बोटं परातीत स्थिर. 'द्राक्ष आपले अश्रू वाऱ्याला देते आणि माधुर्य अंतरी जपते' या ओळीला तर अख्खं शेड थांबलं. माझ्या अंगावर काटा आला. त्या कामाच्या बायका, ज्यांचा हात पाणी प्यायलाही थांबत नाही, त्या माझ्या ओळीसाठी थांबल्या. मी पेन्सिलने समासात बरोबरची खूण केली.

मग मी प्रत्येक लेखात तेच करायला लागले. जिथे हात थांबले तिथे खूण. घरी येऊन खुणेच्या ओळी ठेवायच्या, वाढवायच्या, तशाच आणखी लिहायच्या. जिथे हात चालूच राहिले तो मजकूर कापायचा, कारण तो कुणाला धरून ठेवत नाही. आईचा तव्यावर पाण्याचा हबका मारून भाकरी उलटायचा हात, दादा गाडी धुताना गुणगुणतात ते, शेडात आल्यावर नव्याने लिहिलेल्या, गंधकाच्या धुरीने शालनला आलेल्या सलग शिंका आणि त्यावरून झालेली थट्टा, हे सगळं कापलं. तीन आठवडे मी हे केलं. खुणा वाढत गेल्या. शेड माझ्या वाचनाला पुन्हा पुन्हा थांबत होतं आणि मला रोज संध्याकाळी घरी जाताना चालतेय का तरंगतेय ते कळत नव्हतं.

एक दिवस काट्यापाशी मुकादम वैतागला. "आज काय चाललंय काय? सगळ्यांचाच माल कमी! काल बी कमी, परवा बी कमी."

मी टॉवेलाआड हसू दाबलं. मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. माझ्या लिहिण्याने त्यांना काम विसरायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. बेदाण्याच्या गावात मार्चमधलं आभाळ म्हणजे माणसं हळू आवाजात बोलतात. बाजूंचं कापड खाली सोडलं, वारा अडला, शेडात काळोखी आली. जाळीवरचा माल जिथल्या तिथे थांबला. मी कागद काढले तर चाची म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे बेटा."

"आभाळामुळे का, चाची?"

"आभाळाचं काय, आलं तसं जाईल. आमचं वजन कमी भरतंय."

मी थोडी लाजून, आणि आता आठवलं तरी कानशिलं तापतात, थोडी ऐटीत म्हणाले, "वाचताना तुमचे सगळ्यांचे हात थांबतात ना. मी बघते."

"थांबत्यात तर. थांबनार न्हाईत तर काय?" चाचीने एक बेदाणा उचलला, माझ्यापुढे धरला. "हे बग. ह्येला बगाया मला डोळं लागत न्हाईत, डोकं लागत न्हाई. हात करतो त्येचं त्यो. मग डोकं मोकळं ऱ्हातंय, ते तुज्या मागनं चालतं. तू आयच्या भाकरीचं वाचलंस तवा मी तुज्या घरात हुते. चुलीपाशी हुते. हात हितं चालला हुता. मग तू मधीच काय तर आसं म्हनतीस, माधुर्य न् काय, की मी ठेच लागून पडते. हितं परत येते. काय म्हनली ही? मग हाताला बी कळंना, त्यो थांबतो."

शालन पलीकडून म्हणाली, "आन द्राक्षं कशापायी रडंल गं? मला तर त्येचं हसूच आलं. पर म्हटलं, शिकल्याली पोर हाय, आसंल काय तर."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू एवढी खुशीत," चाची म्हणाली. "आन वाटलं, आमचंच डोकं कमी."

मला अजून तो क्षण नीट सांगता येत नाही. लाज वाटली का? वाटली. पण लाजेच्याही आधी काहीतरी मोठं समोर उघडलं होतं, आणि मी त्याच्या उंबऱ्यावर तोंड वासून उभी होते. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात बसून मी भाषा शिकले होते. वीस बायकांच्या बोटांत माझ्या प्रत्येक ओळीचा निकाल रोज दुपारी लागत होता. मी तो तीन आठवडे उलटा वाचला होता. माझ्या समासातली प्रत्येक बरोबरची खूण चुकीच्या जागी उभी होती. आणि जिथे काहीच खूण नव्हती, तिथे त्या सगळ्याजणी माझ्या घरात, आमच्या चुलीपाशी येऊन बसल्या होत्या. आत येताना त्यांनी आवाजही केला नव्हता.

मी कधी कुणाच्या घरात असं गेले असेन का? पुस्तक वाचताना गेले असेन. पण आपण लिहिलेल्या घरात कुणी येऊन बसतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन सगळे कागद अंगणात पसरले. ज्या ओळींवर खूण, त्या काढायच्या. कापलेलं सगळं शोधून परत आणायचं. चुरगळून टाकलेले कागद आईने चुलीला म्हणून एका डब्यात जपून ठेवले होते, ते सपाट केले. त्यातला एक तिच्यावरचाच होता. मी तिला वाचून दाखवला. सुजलेला हात मांडीवर, दुसऱ्या हाताने ती डाळ निवडत होती. मी कागदाकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत होते. डाळीतला हात चालत राहिला. शेवटी एका वाक्याला थांबला.

"काय झालं? कळलं नाही का?"

"कळलं की," आई म्हणाली. "पर मी तवा रडले न्हवते. तू कालिजाला गेलीस त्या दिवशी. तू लिवलंयस रडले. मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगितलं, पोरगी गेली बग."

मी ते तसंच लिहिलं. एक शब्द वाढवला नाही. म्हशीने मान हलवली का, असंही विचारावंसं वाटलं होतं, पण नाही विचारलं.

आभाळ दोन दिवसांनी गेलं. वारा सुटला. शेडात पुन्हा वाचन सुरू झालं आणि आता मी हातांकडे बघताना श्वास धरून बसायची. थांबला की त्या ओळीवर फुली. चाची कधी नुसतं "हं?" करायची, तेवढ्याने समजायचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा लेख वाचला तेव्हा एकीचाही हात थांबला नाही.  काट्यापाशी मुकादम म्हणाला, "आज बरं भरलं." मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

पाडव्याला सांगलीची माडी चढले. प्रकाशक पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होते, कुणाकडे तरी पाठवायचे होते. म्हणाले, "ठेवा इथे, बांधता बांधता बघतो." कागद टेबलावर उघडा, डोळे त्यावर, हात सुतळीवर. मी समोर उभी. त्यांना वाटत असेल, ही पोरगी आपल्या तोंडाकडे बघतेय. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. गाठ, मग फेर, मग गाठ. पान उलटायचं, पुन्हा फेर. हात थांबले नाहीत. तीन पानं झाली, चार झाली. मग त्यांनी चष्म्याचा डबा शोधायला सुरुवात केली. टेबलावर नाही, खिशात नाही. तो त्यांनी गठ्ठ्यात बांधून टाकला होता.

सुतळी सोडताना ते म्हणाले, "आईला भेटलो. यादीत घेतोय." आणि मग, डबा हातात आल्यावर, "पहिल्या पानावर लिहिलंय तशी, हात थांबवून चूक दाखवणारी ही चाची आहे का हो खरंच?"

"आहे, सर."

"मग मला संपादक कशाला ठेवायला पाहिजे," असं काहीतरी पुटपुटत ते पुन्हा गाठ मारायला लागले.

पुस्तक निघायला नंतर चार वर्षं लागली. त्या यादीतली पुस्तकं एकामागून एक मागे पडत गेली, प्रकाशक आजारी पडले, बरे झाले. मधल्या काळात मला ही शाळेतली नोकरी मिळाली आणि मी उंब्रजला आले. मी शाळेत मुलांना निबंध शिकवते. एकजण उभं राहून वाचतो तेव्हा बाकीच्यांना मी भुईमुगाच्या शेंगा फोडायला देते. पहिल्यांदा मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, हे काय चाललंय. आता विचारत नाहीत. वाचणाऱ्याला मी एवढंच सांगते, तुझं वाचताना यांच्याकडे बघ. 'सृष्टीने हिरवा शालू पांघरला' आलं की शेंगांचा आवाज बंद पडतो. 'आमच्या कालवडीला बाबांच्या चपलेचा वास आवडतो' आलं की आवाज पुन्हा सुरू होतो. मुलांना ते माझ्यापेक्षा लवकर कळतं. मला वर्गात उभं राहून दर वेळी नवल वाटतं, आणि ते नवल अजून जुनं झालेलं नाही.

रविवारी तासगावला उतरले, तिथून ट्रॅक्टरने शेडावर. शेडात आता काडी काढायचं मशीन आलंय, चाळण्या आल्यात, पण शेवटचा हात अजून बायकांचाच. शालन होती. "आल्या लेखिकाबाई," म्हणाली, "टॉवेल आनलाय न्हवं? का पुस्तकच बांधनार तोंडाला?" आई तिच्या जागेवर होती, तिचं मनगट आता बरं आहे. चाचीचा चष्मा जाड झालाय. तिने मला पाहिलं नाही, पावलांवरून ओळखलं. "ये बेटा. बस. माज्यापुढं आत्ताच परात भरलीया."

मी पुस्तक उघडलं. प्रकाशकांपुढे वाटली नव्हती ती भीती इथे वाटली. छापलेलं पान आता बदलता येत नाही. हात थांबला तर समासात खूण करून उपयोग नाही. ही एक परीक्षा पाच वर्षं लांबली होती.

काहीतरी डब्यात पडलं. चाचीने मूठ टाकली होती. मी डबा घेतलाच नव्हता. तिने आईच्या शेजारी एक रिकामा डबा माझ्या नावाने ठेवून दिला होता.

मी आईचा लेख वाचायला घेतला. चूल, हबका, भाकरी, कॉलेजचा पहिला दिवस, गोठा. वाचताना वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त ऐकत होते. बेदाणे डब्यांत पडत होते, सरसर, सरसर, कुठे खंड नाही. म्हशीपर्यंत आले. आवाज चालूच होता, फक्त थोडा विरळ झाल्यासारखा वाटला.  एक आवाज कमी झाला होता, तो माझ्या अगदी जवळचा होता. चाचीचा.

न राहवून मी खाली पाहिलं.

तिची परात रिकामी होती. शेवटचा बेदाणा केव्हाच डब्यात गेला होता. चाची समोरच्या हिरव्या उजेडाकडे बघत होती, आमच्या गोठ्यात होती. आणि खाली, रिकाम्या परातीत, तिचा अंगठा आणि दोन बोटं चाललेली होती. नसलेला बेदाणा उचलत, फिरवत, त्याची काडी तोडत, डब्यात टाकत.

काट्यापाशी मुकादम डबे उचलायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.